फितूर आणि फुतूर : बुलढाणा जिल्ह्यातील तीन गावांचा इतिहास

मराठी बखरींत आणि ऐतिहासिक पत्रांत वारंवार भेटणारा एक शब्द म्हणजे 'फितूर'. किल्ला पडला की फितूर, सरदार शत्रूला मिळाला की फितूर, राज्य बुडाले की फितूर. आज आपण हा शब्द केवळ दगाबाजी या अर्थाने वापरतो. परंतु त्याचे मूळ असलेला अरबी 'फुतूर' हा शब्द काही वेगळेच सांगतो. त्याचा अर्थ शिथिलता, मंदावलेपण, अंगात शिरलेली दुर्बलता. फारसी-उर्दूतून प्रवास करताना त्याला बिघाड आणि बखेडा या छटा चिकटल्या, आणि मराठीत येईतो तो सरळ द्रोहाचा वाचक झाला. आम्ही भाषेचे अध्यापक, इतिहासाचे नव्हे. तरीही हे अर्थांतर आम्हांला फार बोलके वाटते. मूळ शब्द ज्याला शरीराचा आजार म्हणतो, त्याला आपला शब्द माणसाचा अपराध म्हणतो. राज्ये का बुडतात या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी मनाने नेमकी हीच वाट धरलेली आहे. आजाराचा विचार मागे पडला आणि अपराधी तेवढा शोधला गेला.

या वाटेची तपासणी करण्यासाठी दूर रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. गिबनने १७७६ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथात रोमच्या ऱ्हासाची जी चिकित्सा केली, किंवा त्याच्याही चारशे वर्षे आधी इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त राजघराण्यांच्या उदयास्ताचा जो नियम मांडला, त्यांचे महत्त्व आहेच. परंतु एकट्या बुलढाणा जिल्ह्यात अशी तीन गावे आहेत, की ज्यांच्या नावांभोवती तीन सत्तांच्या विघटनाची कथा गुंफता येते : बहमनी राज्यासाठी रोहिणखेड, निजामशाहीसाठी सिंदखेडराजा आणि दख्खनमधील मोगल सत्तेसाठी साखरखेर्डा. तिन्ही ठिकाणी विजयी आणि पराजित एकाच राज्याचे, नाहीतर एकाच दरबाराचे होते, किंवा निदान तेथे मिळालेल्या विजयाचे विष त्याच दरबारात भिनले.

रोहिणखेड : विजयातून आलेला रोग

मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे घाटवाटेवरचे गाव. खानदेशातून वऱ्हाडात उतरणाऱ्या सैन्याला या परिसरातून जावे लागे. १४३७ साली येथे एक मोठी लढाई झाली. तिचे निमित्त कौटुंबिक होते. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याची बेगम ही खानदेशच्या नासिरखान फारुकीची कन्या. संगमेश्वरच्या राजाची मुलगी जनानखान्यात आल्यावर आपली उपेक्षा होते, अशी तक्रार तिने माहेरी केली आणि नासिरखानाने वऱ्हाडवर स्वारी केली. खरी चिंतेची गोष्ट ही, की वऱ्हाडातील अनेक बहमनी सरदार आपल्या सुलतानाला सोडून त्याला मिळाले. सुभेदाराला नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडून घ्यावे लागले.

सुलतानाने या मोहिमेवर खलफ हसन बसरी याला पाठविले. हा मूळचा परदेशी व्यापारी. 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा त्याचा किताब. त्याने एक अट घातली : आपल्याबरोबर केवळ 'आफाकी' सैन्य द्यावे, दख्खनी आणि हबशी नकोत. आफाकी म्हणजे इराण, इराक, मध्य आशिया येथून नशीब काढायला आलेले लोक. दख्खनी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथे रुजलेले मुसलमान आणि धर्मांतरित स्थानिक. अट मान्य झाली. खलफ हसनने रोहिणखेडला नासिरखानाचा पराभव केला, थेट बुऱ्हाणपुरापर्यंत धडक मारली आणि बिदरला परतल्यावर त्याचा मोठा सत्कार झाला. सुलतानाने फर्मावले, की यापुढे दरबारात आफाकींनी उजव्या हाताला उभे राहावे आणि दख्खनी व हबशींनी डाव्या.

राज्याच्या दृष्टीने रोहिणखेडचा विजय निर्विवाद होता. पण त्या विजयाने राज्याच्या दोन हातांपैकी एक हात कमी प्रतीचा ठरविला. पुढच्या दहा-एक वर्षांतच याची किंमत मोजावी लागली. कोकणच्या मोहिमेत खलफ हसन मारला गेला, आणि उरलेले आफाकी सैनिक चाकणच्या किल्ल्यात आश्रयाला आले असता दख्खनी सरदारांनी त्यांच्याविरुद्ध सुलतानाचे कान भरून त्यांची कत्तल घडवून आणली. सत्य कळल्यावर सुलतानाने दख्खनींना शिक्षा केल्या. म्हणजे सूड आणि प्रतिसूड यांची सवय लागली. महमूद गावानने पुढे तोल सांभाळण्याचा प्रयत्न केला. प्रांतांची संख्या चारावरून आठ केली, प्रांताधिपतींच्या हातचे किल्ले कमी केले, दोन्ही पक्षांना पदे वाटून दिली. आजाराचे निदान अचूक होते. पण वैद्यच मारला गेला. त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले बनावट पत्र तयार करण्यात आले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी, कसलीही चौकशी न करता, सुलतानाने या वृद्ध वजिराचा वध करविला.

या कटातील प्रमुख दख्खनी सरदार मलिक हसन याचाच मुलगा मलिक अहमद हा निजामशाहीचा संस्थापक. वऱ्हाडात फतहुल्ला इमादुल्मुल्क याने इमादशाही स्थापिली. १४९० च्या सुमारास बहमनी राज्य नावापुरते उरले. बाहेरच्या कोणा शत्रूने ते जिंकलेले नव्हते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या साऱ्या हकिकतीचा मोठा आधार फरिश्ता हा स्वतः आफाकी पक्षातला होता. चाकणच्या कत्तलीचे त्याने केलेले वर्णन वाचताना लेखणी कोणाच्या हातात आहे हे विसरून चालणार नाही. परंतु इतिहास लिहिणाराही एका पक्षाचाच असावा, यातच दुहीची खोली दिसते.

पुन्हा रोहिणखेड

दीडशे वर्षांनी तेच मैदान, तोच रोग. फक्त राज्य निराळे. वऱ्हाडची इमादशाही निजामशहाने १५७४ साली गिळंकृत केली होती. तेथेही अल्पवयीन राजाला कैदेत ठेवून तुफालखान हा मंत्रीच राज्य करीत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण गिळणाऱ्याच्या पोटातही तोच विकार होता. १५८८ साली मुर्तजा निजामशहाला त्याच्याच मुलाने, मिरान हुसेनने, ठार केले. वर्ष उलटण्याच्या आत मिरान हुसेन मारला गेला आणि त्या गोंधळात अहमदनगरात आफाकींची मोठी कत्तल झाली. दख्खनी पक्षाचा पुढारी जमालखान हा महदवी पंथाचा. त्याने इस्माईल या मुलाला गादीवर बसवून सत्ता आपल्या हाती घेतली. इस्माईलचा बाप बुऱ्हाण मात्र जिवंत होता. भावाच्या भीतीने तो अकबराच्या आश्रयाला गेला होता. तो परतला, खानदेशच्या राजा अलीखानाची मदत त्याने मिळविली आणि १५९०-९१ मध्ये रोहिणखेडजवळ जमालखानाशी त्याची गाठ पडली. जमालखान ठार झाला. बापाने मुलाला कैद करून त्याची गादी घेतली. तीन वर्षांत निजामशाहीला हा चौथा राजा मिळाला.

रोहिणखेडला खुदावंदखान महदवी याने १५८२ साली बांधलेली लहानशी पण देखणी मशीद आहे. ती उभी राहिली तेव्हा महदवींचा प्रभाव चढता होता. दहा वर्षांच्या आत त्यांची सत्ता त्याच गावाच्या परिसरात संपली. दगड टिकले, ते बसविणाऱ्यांचा पक्ष टिकला नाही.

पुढची हकिकत सर्वश्रुत आहे. १५९५ मध्ये बुऱ्हाण वारल्यावर काही महिन्यांतच त्याचा वारस लढाईत पडला आणि गादीवर चार पक्षांनी चार हक्कदार उभे केले. त्यांतल्या मियाँ मंजूने आपल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मोगल शहजादा मुराद यालाच आमंत्रण दिले. अकबराचा दख्खनवर डोळा आधीपासून होताच. १५९१ पासून त्याचे वकील या दरबारांत येत होते. पण दार बाहेरून फोडावे लागले नाही, ते आतून उघडले गेले. चांदबीबीने अहमदनगर लढविले, तरी १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, आणि १६०० मध्ये ती मारली गेली, तीही स्वकीयांकडून.

सिंदखेड : राजाने मोडलेली निष्ठा

एवढे होऊनही निजामशाही लगेच संपली नाही. येथे आपल्या प्रतिपादनाला पहिला अडथळा येतो. अंतर्गत दुर्बलतेनेच राज्ये पडत असतील, तर हे राज्य आणखी छत्तीस वर्षे कसे टिकले? उत्तर मलिक अंबर या नावात आहे. या हबशी सेनानीने राजधानी गमावलेल्या राज्याला सैन्य दिले, जमाबंदीची घडी दिली, मराठा सरदारांना जवळ केले. पण अंबराची सारी व्यवस्था अंबर या व्यक्तीवर उभी होती. लखुजीराजे जाधवांसारखा मातब्बर सरदार त्याच्या हयातीतच मोगलांकडे गेला होता. १६२६ मध्ये अंबर वारला आणि दरबारात पुन्हा तोच संशय, तेच पक्ष, तीच कारस्थाने सुरू झाली.

लखुजीराजे सिंदखेडचे. जिजाबाईंचे वडील म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते पुन्हा निजामशाहीत आले होते. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव या चौघांची हत्या झाली. एका घराण्याच्या तीन पिढ्या एका दिवसात, राजाच्या डोळ्यांदेखत आणि राजाच्या इच्छेने कापल्या गेल्या. मागे उरलेले जाधव सिंदखेडला परतले आणि मोगलांना मिळाले. लखुजींचे जावई शहाजीराजे हेही पुढच्याच वर्षी निजामशाही सोडून मोगलांकडे गेले.

या दोन्ही घटनांना फितुरी म्हणावयाचे काय? ज्या राज्यात सलामाला आलेला सेवक जिवंत परत जाईल याची हमी उरली नाही, त्या राज्याला सोडून जाणे हा द्रोह, की तो करार आधीच राजाने मोडलेला? आमच्या मते येथे 'फितूर' हा शब्द त्याच्या मूळ अर्थानेच लागू पडतो : दुर्बलता, आणि तीही सिंहासनाची. लखुजींवर संशय घेण्यास निजामशहाला जागा नव्हती असे नाही. ते एकदा पलीकडे गेले होते. पण संशयाची शहानिशा करण्याचे साधन त्या राज्याजवळ नव्हते. गावानाच्या वेळी नव्हते, लखुजींच्या वेळीही नव्हते. १४८१ आणि १६२९ यांच्यामध्ये दीडशे वर्षे गेली, तरी न्यायाची रीत तीच राहिली : कानावर आले, आणि मान उडविली.

त्यानंतरचा क्रम फार वेगवान आहे. अंबराचा मुलगा फतहखान याला निजामशहाने कैदेतून सोडविले, आणि त्याने निजामशहालाच ठार करून एका बालकाला गादीवर बसविले. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाने रयत आधीच खचली होती. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. शहाजीराजांनी पेमगिरीला आणखी एका बालकाला छत्र धरून राज्य सावरण्याचा निकराचा यत्न केला, तो १६३६ मध्ये माहुलीला संपला. ज्या घराण्याला राज्याने छळले, त्याच्याच जावयाने त्या राज्यासाठी शेवटची लढत द्यावी, ही गोष्ट 'फितूर' या एका शब्दात बसणारी नाही.

सिंदखेडराजाला लखुजीराजांची भव्य समाधी आहे. दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी तेथे लोकसागर लोटतो. ते उचितच आहे. त्या गर्दीतल्या तरुणांना समाधीचाही अर्थ सांगितला जावा, असे मात्र आम्हांला वाटते. जन्मस्थानी एका राज्याचा आरंभ दिसतो. समाधीपाशी दुसऱ्या राज्याच्या शेवटाचे कारण दिसते.

साखरखेर्डा : बादशहाचे दोन सुभेदार

याच सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. १७२४ च्या ऑक्टोबरात येथे निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. दोघेही मोगल बादशहा महंमदशहाचे नोकर. निजाम दिल्लीत वजीर होता. दरबारातील बजबजपुरी सुधारण्याचे त्याचे प्रयत्न हास्यास्पद ठरले आणि तो दख्खनकडे निघाला. बादशहाला त्याची भीती वाटत होती, पण त्याला उघड दूर करण्याचे बळ नव्हते. म्हणून त्याने हैदराबादच्या मुबारिजखानाला गुप्तपणे चिथावणी दिली व दख्खनची सुभेदारी देऊ केली. मुबारिजखान लढला आणि पडला. निजामाने विजयाची वार्ता दिल्लीला अशी कळविली, की जणू बादशहाच्या एका बंडखोराचेच आपण पारिपत्य केले आहे. बादशहाने ती मुकाट स्वीकारली आणि निजामाला 'आसफजाह' हा किताब दिला. साखरखेर्ड्याचे नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवण्यात आले. लोकांनी मात्र जुनेच नाव जपले.

या लढाईत निजामाच्या बाजूने मराठी फौजेसह बाजीराव पेशवे होते. दख्खनचे सहा सुभे मोगलांच्या हातून खऱ्या अर्थाने गेले ते असे. औरंगजेबाने पंचवीस वर्षे दख्खनमध्ये राहून जे जिंकले, ते त्याच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांत त्याच्याच एका उमरावाने दुसऱ्या उमरावाशी लढून स्वतःसाठी घेतले. सतीशचंद्र यांनी या काळातील दरबारी पक्षांचा आणि इरफान हबीब यांनी शेतसाऱ्याच्या व्यवस्थेचा जो अभ्यास केला, तो ध्यानात घेतला तर यामागचे यंत्र दिसू लागते. मनसबदार वाढले, त्यांना द्यावयाच्या जहागिरी मात्र पुरेनात. मिळालेली जहागीर किती दिवस हाती राहील याचा भरवसा नाही, म्हणून रयतेकडून मिळेल तेवढे ओरबाडून घ्यावे. रयत परागंदा झाली की वसूल घटावा. वसूल घटला की फौज कमी करावी. आणि फौज कमी झाली की आश्रयासाठी दरबारातला एखादा गट धरावा. या चक्रात कोणी एक माणूस खलनायक नाही. प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होता, आणि त्या साऱ्या शहाणपणांची बेरीज साम्राज्याचा अंत ही होती.

बेरीज

तिन्ही गावांच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या तर काही समान गोष्टी हाती लागतात. पहिली ही, की मतभेद आणि पक्ष असणे हा रोग नव्हे. आफाकी आणि दख्खनी, हबशी आणि मराठे हे दख्खनच्या राज्यांचे वैभवही होते. रोग तेव्हा सुरू झाला, जेव्हा राज्यकर्त्याने एका हाताला उजवा आणि दुसऱ्याला डावा ठरविले. दुसरी, वारसाचा प्रश्न प्रत्येक पिढीने रक्ताने सोडविला. म्हणून अल्पवयीन राजा ही आपत्ती न राहता सरदारांची सोय झाली. तिसरी, निष्ठेच्या बदल्यात जी सुरक्षितता द्यावयाची, ती देण्याची शक्ती राज्याजवळ राहिली नाही. आणि चौथी, या सर्वांचा खर्च ज्याच्या माथी पडला त्या कुणब्याचे नाव कोणत्याही तवारिखेत नाही. वऱ्हाडात तर पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले अशी 'दोअमली' चालली. एकाच शिवारात दोन सरकारांचे वसुलदार येत.

बाहेरचा शत्रू गौण होता, असा याचा अर्थ नाही. मोगलांची प्रचंड साधनसामग्री नसती, तर दुबळी निजामशाहीही कदाचित आणखी शंभर वर्षे रखडली असती. दुर्बलता आणि आघात यांची गाठ पडावी लागते. परंतु आघात राज्याच्या हातात नसतो. दुर्बलता काही अंशी असते. म्हणून विचार तिचाच करावयाचा.

विजेतेही या नियमाला अपवाद ठरले नाहीत. साखरखेर्ड्याच्या विजयातून जन्मलेल्या निजामाच्या राज्याला स्वतःच्या नावाने चालणाऱ्या फौजेचा पगार देता येईना, म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे सोपवावे लागले. मराठ्यांनीही धडा घेऊन पुन्हा विसरला. शिवाजीराजांनी वंशपरंपरागत जहागिरींऐवजी रोख वेतनाचे धोरण धरले होते. बिकट काळात राजारामांना वतने वाटावी लागली, आणि पुढे सरदारांचे मुलूख हीच त्यांची राज्ये झाली. १८०३ मध्ये याच वऱ्हाडच्या मैदानावर, अडगावला, भोसल्यांचा पराभव झाला त्या वेळी होळकर त्या युद्धातच नव्हते आणि पेशवा इंग्रजांच्या बाजूला होता. १७५७ साली सिंदखेडला मराठ्यांनी ज्याला वेढले तो रामचंद्र जाधव हा जिजाऊंच्याच माहेरचा, पण निजामाचा सरदार. त्याला फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. एकशे अठ्ठावीस वर्षांपूर्वी दौलताबादच्या दरबारात काय झाले होते, आणि त्यानंतर त्या घराण्याला कोणता आश्रय उरला होता, हे आठवले की ते तितके सोपे राहत नाही.

आमच्या वर्गांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून आजही फितुरांची यादी मोठ्या आवेशाने वाचली जाते. आवेशाला हरकत नाही. पण ज्या समाजाला केवळ फितूर शोधण्याची सवय लागते, तो सत्ताधाऱ्याला फार स्वस्तात सोडून देतो. दोष बाहेर पडलेल्या माणसाचा ठरतो; त्याला बाहेर ढकलणाऱ्या घराची तपासणी होत नाही. शिवाय संशयाला प्रतिष्ठा मिळते, आणि संशयानेच गावानाचा आणि लखुजींचा बळी घेतला होता. राज्य असो, संस्था असो की साहित्य संमेलनाचे मंडळ असो, तिथून माणसे एकामागून एक निघून जाऊ लागली, तर जाणाऱ्यांची नावे लिहून ठेवण्याआधी आत काय शिथिल झाले आहे हे पाहावे. 'फितूर' हा शब्द आपण असाच वापरीत राहणार. भाषा मागे फिरत नाही. परंतु इतिहास वाचताना त्याच्या आतला 'फुतूर' ऐकू येत राहिला, तर रोहिणखेड, सिंदखेड आणि साखरखेर्डा ही तीन गावे आपल्याला पुष्कळ काही शिकवू शकतील.